न घासलेला रुपया

आमच्या शेगावच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारीच चिंच भिजत पडलेली असायची. ती फुगून आली की आजी फडताळातला लाकडी डबा खाली काढायची. डब्यात व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे चांदीचे अकरा रुपये. त्यातले दहा घासूनपुसून लख्ख करायचे आणि संध्याकाळी पाटावर तांदळाच्या राशीवर मांडायचे, हे काम माझ्याकडे आणि माझ्या चुलतबहिणीकडे असे. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, वर चाळलेली राख. बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत आम्ही घासायचो. आमच्या हाताखाली राणीचं नाक दर वर्षी थोडं थोडं झिजतंय, हे काही तेव्हा ध्यानात आलं नाही.

अकरावा रुपया डब्याच्या तळाशी कागदाच्या पुडीत असायचा. पुडी कापसाच्या हिशेबवहीतल्या पानाची; त्यावर मोडी अक्षरं, घड्यांवर कागद तपकिरी पडलेला. आजी ती न उलगडताच पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात घालायची. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा गुपचूप ती पुडी उलगडली. रुपया चिंचेत बुडवणार, एवढ्यात आजीने मनगट धरलं.

"अवो माय, कायले घासून रायली तू त्याले? माह्या सासऱ्याच्या हातची पुडी हाय ते. ठेव तशीच."

ठेवली. पण त्या दोन-चार क्षणांत जे पाहिलं ते डोळ्यांतून गेलं नाही. रुपयाच्या काठाला मोराच्या मानेसारखा गडद निळा रंग होता. आत जांभळा, त्याच्या आत तांबूस, आणि राणीच्या गालावर मधासारखी सोनेरी झाक. खिडकीतून येणाऱ्या उन्हात रुपया जरा कलता केला की ते रंग जागचे हलत. बाकीचे दहा रुपये पांढरेशुभ्र चमकत होते, पण त्या चमकेत पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

या रंगामागे शास्त्र आहे आणि जगभर त्यासाठी जीव टाकणारी माणसं आहेत, हे कळायला पुढे वीस-बावीस वर्षं लागली. संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात. 'टोन आलेला रुपया' असा शब्द मराठी संग्राहकांच्या बोलण्यातही रुळला आहे. यंदा हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा पुन्हा माहेरी गेले, तिथून खामगावच्या चांदीच्या पेढ्यांत फिरले, काही संग्राहकांसमोर बसले. मला एवढंच समजून घ्यायचं होतं की चांदीवर चढलेल्या या रंगात माणसाला एवढं काय दिसतं.

कागदाने चढवलेला रंग

चांदी हवेतल्या प्राणवायूला सहसा दाद देत नाही. म्हणून लोखंडासारखी ती गंजत नाही. पण गंधकाशी तिचं जवळचं नातं आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य प्रमाणात असतो. तो चांदीला लागला की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागतो. घरातली चांदीची वाटी काळी पडते ती यामुळेच. चुलीचा धूर, कांदा, अंडी, लोकर, रबर, स्वस्त कागद आणि पुठ्ठा, या सगळ्यांत गंधकाची संयुगं असतात. दमट हवेत ही क्रिया आणखी वेगाने होते, म्हणून आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने चांदीसाठी फार कामाचे.

थर सुरुवातीला अतिशय पातळ असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. तेवढ्यातच रंगाचा सगळा खेळ होतो. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग थरातून खाली चांदीपर्यंत जाऊन परततो. परत येताना दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात; काही रंग विझतात, काही उजळतात. कोणता रंग उजळायचा हे थराची जाडी ठरवते. पावसाच्या डबक्यावर रॉकेलचा थेंब पसरला की जे इंद्रधनुष्य दिसतं, साबणाच्या फुग्यावर जे रंग फिरतात, मोरपिसात जी निळाई असते, त्या सगळ्यांची जात हीच. नाण्यावर कुणी रंग दिलेला नसतो. थराच्या जाडीचा नकाशाच आपल्याला रंगांत दिसतो.

आणि या नकाशाला क्रम आहे. थर वाढत जातो तशी आधी फिकट सोनेरी छटा येते. ती गडद होत केशरी-तांबूस होते, मग किरमिजी, मग जांभळी, मग गडद निळी. त्यापुढे निळा रंग फिका होत आकाशी होतो आणि पुन्हा पिवळ्यापासून दुसरं आवर्तन सुरू होतं. हिरवा रंग बहुधा या दुसऱ्या फेरीत भेटतो. थर आणखी जाड झाला की प्रकाश आत शिरेनासा होतो आणि नाणं करडं, शेवटी काळं पडतं.

आजीच्या रुपयाचं कोडं इथे सुटलं. पुडीच्या घड्या रुपयाच्या काठाशी घट्ट बसलेल्या, म्हणजे कागदातलं गंधक काठाला आधी आणि जास्त पोचलं. मध्यावर कागद जरा सैल होता. म्हणून काठ निळ्यापर्यंत गेला आणि राणीचा गाल सोनेरीवरच थांबला. पणजोबांनी पुडी बांधली आणि पुढचं काम कागदाने केलं.

अमेरिकेत या रंगाचे सर्वाधिक चाहते मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्याभोवती आहेत. तिथल्या तिजोऱ्यांत हजार-हजार डॉलरच्या कापडी थैल्या पिढ्यान्‌पिढ्या पडून होत्या. थैलीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर रंग चढला. कुठे कापडाच्या विणीची जाळी उमटली, कुठे शेजारच्या नाण्याने झाकलेल्या भागाची चंद्रकोर तेवढी पांढरी राहिली. इंग्लंडातले जुने संग्राहक नाणी महोगनीच्या उथळ खणांत ठेवत. आपल्याकडे लाल फडकं, सोनाराचा गुलाबी कागद, सागाचा डबा, हिशेबाच्या वहीचं पान. नाणं कुठे आणि कशात राहिलं, याची खूण त्याच्या रंगात राहते. जाणकार संग्राहक पहिल्यांदा ती खूण वाचतो.

रुपया वऱ्हाडात आला तो

शेगावात बसून चांदीच्या रुपयाविषयी लिहायला एक खास कारण आहे. हा मुलूख एकेकाळी त्याच रुपयावर चालत होता.

कंपनी सरकारने १८३५च्या कायद्याने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणत. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, पण दक्षिणेला लागून असलेल्या मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्काच चाले. साधारण सहा कलदार म्हणजे सात हाली, असा हिशेब सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याच्या जिभेवर असे. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला तर ही सरहद्द बाजाराच्या वाटेवरच होती.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. त्या कापसाच्या मोबदल्यात मुंबई बंदरात चांदी उतरू लागली आणि तिच्यातली मोठी वाटणी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा शेगाववरून पुढे जाऊन १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० साली शेगावशेजारच्या जलंबपासून खामगावपर्यंत छोटा फाटा टाकला गेला, तो मुख्यतः कापसासाठीच. सरकी काढणारी जिनं आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. कापसाची गाडी बाजारात रिकामी झाली की धोतराच्या सोग्यात रुपये बांधून शेतकरी परत निघे. बँक त्याच्या जगात नव्हती. रुपयाची माळ बायकोच्या गळ्यात जाई, किंवा गाडग्यातून जमिनीत. आज खामगावची रजतनगरी म्हणून ओळख आहे, तिथल्या चांदीच्या शुद्धतेवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी घरं विदर्भभर आहेत.

तारखांचा एक योग मला फार भावतो. श्री गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, आणि त्यांनी समाधी घेतली ८ सप्टेंबर १९१० रोजी. व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'राणी'ऐवजी 'सम्राज्ञी' असा किताब असलेले रुपये सुरू झाले १८७७ साली. तिच्यानंतर आलेल्या सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० या सालांचे. म्हणजे महाराज या गावात वावरत होते त्या बत्तीस वर्षांत इथल्या माणसाच्या हातात प्रामुख्याने हीच दोन नाणी खेळत होती. शेतसारा याच रुपयांत भरला गेला, कापसाचा भाव याच रुपयांत मिळाला, दर्शनाला आलेल्यांच्या कनवटीलाही हेच रुपये होते. पुडीतला रुपया १९०१ सालचा आहे. मागल्या बाजूला खाली मुंबई टांकसाळीची बारीक खोदीव 'बी' आहे. तो रुपया हातात घेतला की त्या काळच्या शेगावची एक वस्तू जशीच्या तशी आपल्या तळव्यावर असते.

जशीच्या तशी, हे शब्द मी जपून लिहिते आहे, कारण बाकीच्या रुपयांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १८९९-१९००च्या दुष्काळात, ज्याला म्हातारी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, वऱ्हाडात अंगावरची चांदी पोटासाठी सोनाराकडे गेली आणि मुशीत आटली. माळेत ओवलेल्या रुपयांना कडी जोडल्याचे डाग कायमचे राहिले. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की १९१७ साली सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातला बहुतेक भाग इंग्लंडमार्फत हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी आला. ज्या मॉर्गन डॉलरच्या रंगांवर आज तिकडचे संग्राहक भाळतात, त्याच डॉलरांचे कोट्यवधी सोबती वितळून आपल्या पंचम जॉर्जच्या रुपयांत मिसळले. दुसऱ्या महायुद्धात रुपयातली चांदी निम्म्यावर आली. जुने शुद्ध रुपये एकामागोमाग चलनातून बाद केले गेले आणि सरकारनेच गोळा करून आटवले. १९४७चा रुपया निकेलचा होता.

दुष्काळ, मूस, माळेची कडी आणि शेवटी आमच्यासारख्या पोरींच्या हातातली राख, इतक्या चाळण्यांतून खाली न पडता जो रुपया राहिला, त्याची किंमत केवळ चांदीच्या वजनाने कशी करणार?

आरशावरचा रंग

खामगावात एका निवृत्त संग्राहकांच्या घरी दोन दुपारी बसले. नाव छापू नका, ही त्यांची पहिली अट; म्हणून त्यांना इथे नुसतं काका म्हणते. घरात चांदी आहे हे जाहीर व्हावं असं कुणाला वाटेल? त्यांनी टेबलावर मऊ कापड अंथरलं, दिव्याची मान वाकवली आणि एक नाणं फक्त काठाला धरून माझ्यासमोर आणलं.

"ताई, आधी नुसतं बघा. नाव-साल नंतर."

सातव्या एडवर्डचा रुपया होता, पण असा रुपया मी पाहिला नव्हता. राजाच्या डोक्यामागची मोकळी जागा काळ्याभोर पाण्यासारखी खोल दिसत होती. काकांनी मनगट जरा वळवलं आणि त्या पाण्यात तळातून निळा, मग वांगी रंग वर आला. मुखवटा मात्र धुक्यातल्यासारखा मंद, दुधाळ सोनेरी.

"हा प्रूफ," ते म्हणाले.

प्रूफ हा नाण्याच्या सुस्थितीचा दर्जा आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर ते नाणं घडवण्याच्या पद्धतीचं नाव आहे. रोजच्या वापराची नाणी टांकसाळीत वेगाने पडतात, एकमेकांवर आदळत पोत्यांत भरली जातात. प्रूफसाठी ठसा आरशासारखा घोटून घेतात. चांदीची कोरी चकतीही तशीच तयार करतात. मग ती एकेक करून ठशाखाली ठेवून सावकाश, जास्त दाबाने, बहुधा एकाहून अधिक वेळा दाबतात. त्यामुळे सपाट भाग आरसा होतो, अक्षरं आणि मुखवटा धारदार उठतात. ठशाची परीक्षा पाहायला, मान्यवरांना द्यायला, टांकसाळीच्या दप्तरी ठेवायला अशी मोजकीच नाणी पाडली जात. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुने ठसे वापरून संग्राहकांसाठी अशा प्रती पुढेही बराच काळ पाडून दिल्या. त्यांना पुनर्मुद्रित प्रूफ म्हणतात. मूळ काळातली प्रत आणि ही प्रत ओळखणं हा स्वतंत्र अभ्यास आहे.

स्वतंत्र भारतातली चांदीची प्रूफ नाणी आपल्या अधिक ओळखीची. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेलं दहा रुपयांचं नाणं, १५ ग्रॅम वजनाचं, ८० टक्के चांदीचं, अनेक मराठी घरांत आजही असेल. ते चलनासाठी निघालं तसं मुंबई टांकसाळीने त्याच्या प्रूफ प्रतीही काढल्या.

प्रूफवरचा रंग वेगळा का दिसतो, तेही काकांनी दाखवलं. झिजलेल्या रुपयाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. प्रकाश तिथे विखुरतो आणि रंग मंदावतो. प्रूफच्या आरशावर प्रकाश थरातून आत जातो, तळाच्या आरशावर आपटतो आणि सरळ परततो. म्हणून रंग ओला, खोल वाटतो. सरळ समोरून पाहिलं तर नाणं जवळजवळ काळं. ठरावीक कोनात आलं की एकदम पेटतं. छायाचित्रात हे उतरत नाही, म्हणून टोन आलेल्या प्रूफचे चाहते नाणं हातात घेऊन, दिव्याखाली फिरवून पाहिल्याशिवाय त्याविषयी बोलत नाहीत.

पण त्यांच्या ओढीचं मूळ मला दुसऱ्याच गोष्टीत सापडलं. प्रूफच्या आरशावरून कुणी नुसता रुमाल फिरवला, तरी केसांसारख्या बारीक रेघा उमटतात आणि त्या कधीच जात नाहीत. नंतर त्यावर कितीही सुंदर रंग चढो, दिव्याखाली त्या रंगाच्या खालून रेघा दिसतातच. ज्या जुन्या प्रूफवर रंग सलग आहे आणि खाली एकही रेघ नाही, त्याचा अर्थ शंभर-सव्वाशे वर्षांत, किती हातांतून गेलं तरी, एकालाही ते पुसायचा मोह झाला नाही, किंवा झाला तरी आवरला. संग्राहक त्या आवरलेल्या हातांनाही दाद देत असतो. नाणं घडवणाऱ्या कारागिराचं कौतुक सगळेच करतात. मधल्या चार पिढ्यांनी काही न करता जे केलं, त्याचा पुरावा फक्त हा रंग देतो.

आणखी एक गोष्ट आहे. टांकसाळीचा सगळा आटापिटा प्रत्येक नाणं दुसऱ्यासारखं व्हावं यासाठी असतो. एकाच दिवशी, एकाच ठशातून पडलेली दोन प्रूफ नाणी जन्मतः जुळी असतात. एक कातड्याच्या पेटीत मखमलीवर राहतं, दुसरं पाकिटात. पन्नास वर्षांनी एकाला काठावर निळं वलय असतं, दुसऱ्यावर भगवी साय. ती पुन्हा कधी जुळी होत नाहीत. माणसांच्या बाबतीत आपण हे रोज पाहतो. एकाच घरातली भावंडं राहत्या घराप्रमाणे, लागलेल्या वाऱ्याप्रमाणे वेगळी घडतात. नाण्याच्या बाबतीत ते पाहून मी बराच वेळ गप्प बसले होते.

खरा रंग, लावलेला रंग

जिथे ओढ आहे तिथे फसवणूकही पोचते. नाण्यांना गंधकाची वाफ देऊन, तापवून, रसायनांत बुडवून चार दिवसांत इंद्रधनुष्य आणणारे लोक आहेत. उकडलेल्या अंड्याशेजारी बंद डब्यात नाणं ठेवलं तरी त्यावर रंग येतो, इतकं ते सोपं आहे.

मग ओळखायचं कसं? काकांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या तिन्ही मला आजीच्या रुपयावर पडताळून पाहता आल्या. पहिली, रंगांचा क्रम. निसर्गात सोनेरीतून तांबूस, तांबूसमधून जांभळा, जांभळ्यातून निळा अशा पायऱ्या असतात. सोनेरीला खेटून एकदम झगझगीत निळा आला, मधली पायरी दिसलीच नाही, तर शंका घ्यावी. दुसरी, उठावाची सावली. अक्षरांच्या नि मुखवट्याच्या कडेला नैसर्गिक रंग बहुधा किंचित दूर राहतो किंवा बदलतो. लावलेला रंग उंच-सखल न पाहता सगळ्यावरून सरसकट वाहत जातो. तिसरी, खालची झळाळी. खऱ्या रंगाच्या तळाशी मूळ चांदीची फिरती चमक जिवंत असते. जिथे नाणं आधी घासलं आणि मग रंगवलं, तिथे तो रंग भिंतीवरच्या डिस्टेंपरसारखा मेलेला दिसतो.

यातली कुठलीही खूण एकटीने पुरेशी नाही, हेही त्यांनी बजावलं. म्हणून मोठ्या किमतीची नाणी परीक्षण करणाऱ्या संस्थांकडे जातात. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली मांडलेल्या, एक ते सत्तर गुणांच्या मोजपट्टीवर ती तपासली जातात आणि पारदर्शक डबीत सीलबंद होऊन येतात. नैसर्गिक सुंदर टोन असलेलं नाणं त्याच दर्जाच्या पांढऱ्या नाण्याहून कितीतरी महाग जातं.

सगळ्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने टोनिंग म्हणजे चांदीची झीजच आहे. पृष्ठभागावरची चांदी सल्फाइड होऊन बसते. काळ्या टोकापर्यंत गेलेला थर खालचा पृष्ठभाग खातो, आणि तो उतरवला की खाली खडबड दिसते. म्हणून टांकसाळीतून आलं तसं पांढरं नाणं हवं, असं मानणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला वाटतं, दोन्ही बाजूंना एकच गोष्ट प्रिय आहे: मूळ पृष्ठभाग. पांढरं नाणं जर खरोखर न घासता पांढरं राहिलं असेल, तर तेही तितकंच आदराचं. चिंचेने पांढरं केलेलं मात्र दोघांच्याही कामाचं नाही.

मोडीतला रुपया

खामगावच्या एका पेढीवर बसले असताना एक बाई रुमालात बांधून आठ-नऊ जुने रुपये घेऊन आल्या. मुलीच्या लग्नासाठी जोडवी आणि पैंजण करायचे होते. कारागिराने एकेक रुपया दगडावर वाजवला, तराजूत टाकला आणि चांदीच्या भावाने मोड म्हणून हिशेब केला. त्यात काही गैर नव्हतं. तो धातूचा व्यापारी, त्याने धातूचा भाव दिला. रुपये सगळे घासून सपाट झालेले होते. एकाच्या काठाला मात्र निळसर कड शिल्लक होती. मी बाईंना म्हटलं, हा एक तेवढा ठेवा. त्यांनी रुपया उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "काळा पडला म्हून का?" मी माझ्या आजीची पुडी त्यांना सांगितली. त्यांनी तो रुपया वेगळा काढून पदराला बांधला.

आपल्याकडे घासणं ही भक्ती आहे. देव उजळायचे, समई उजळायची, सणाला घर सारवायचं. वर्षभराची काजळी उतरवल्याशिवाय लक्ष्मी घरात येत नाही, या श्रद्धेतच आम्ही वाढलो आणि तिच्याविषयी मला आजही प्रेम आहे. रोजच्या वापराची भांडी घासायलाच हवीत. पण जुनं नाणं हे भांडं नाही. त्याच्यावरून एकदा राख फिरली की शंभर वर्षांचा थर दोन मिनिटांत जातो आणि परत आणता येत नाही. स्वच्छ करणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं आपल्या घरांत पोचलं तरी पुष्कळ रुपये वाचतील.

त्यासाठी फार काही करावं लागत नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट आणि चांदी उजळायची पावडर नाण्यापासून दूर ठेवायची. नाणं नेहमी काठाला धरायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही. बोटाचा घाम पुढे कायमचा ठसा होतो. मऊ, चिकट, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवायचं नाही. पीव्हीसीचं असं पाकीट कालांतराने नाण्यावर हिरवट चिकटा सोडतं. रबरबँड कधीच नको, त्यात गंधक असतं. आम्लमुक्त कागद किंवा टणक पारदर्शक डबी, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि स्वयंपाकघरापासून लांबचं कोरडं कपाट, एवढं पुरतं. धनत्रयोदशीला बाजारात राणीछापाच्या नव्या नकलाही भरपूर येतात, तेव्हा जुनं म्हणून घेताना जाणत्याला दाखवून घ्यावं.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी एक सांगते. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये आता या वयात बसतात. शेतात नांगरताना गाडगं सापडलं तर १८७८चा निखात निधीचा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सरकारला कळवावा लागतो. अशा ठेव्यांतून आलेली नाणी पाहायची असतील तर १८६३ साली सुरू झालेलं नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, जवळ आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय, ही दोन ठिकाणंही मुलांना घेऊन मुद्दाम पाहावीत.

पुडी

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. डबा माझ्याकडे आला आहे. आम्ही घासलेल्या दहा रुपयांवरही आता पुन्हा रंग येऊ लागला आहे, राणीच्या केसांच्या खोबणीत फिकट सोनेरी. पण भिंग लावलं की त्या सोनेरीखाली आमच्या लहानपणीच्या रेघा दिसतात, आडव्या-उभ्या, राखेच्या. त्या माझ्या हातच्या आहेत. त्यांच्यावरही मी आता काही करणार नाही. तोही त्या रुपयांचा इतिहास झाला.

अकराव्या रुपयाचा एक प्रश्न मात्र मला पडला होता. ज्या कागदाने हे रंग चढवले, तोच कागद पुढेही काम करत राहणार, निळं वलय आणखी आत सरकणार आणि कधीतरी सगळंच काळं होणार. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी रुपया आणि पुडी वेगवेगळ्या ठेवायला सांगितल्या. म्हणून आता रुपया टणक डबीत असतो आणि पुडी, तिच्या जुन्या घड्यांसकट, वेगळ्या पाकिटात. पुडीच्या आतल्या बाजूला, रुपया जिथे होता तिथे, कागदावर गोल फिकट डाग उमटला आहे. मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून वरची अक्षरंही लावून घेतली. सरकी आणि रुईचा हिशेब आहे, बाकी काही नाही. पणजोबांनी हाताला आला तो कागद घेतला असणार.

यंदा लक्ष्मीपूजनाला माझी मुलगी मदतीला बसेल. ती आता दहा वर्षांची आहे. समई आणि ताम्हन आम्ही दोघी मिळून घासू, चिंच त्यासाठी भिजत घालणारच आहे. मग पाटावर तांदळाची रास, त्यावर पुडी आणि शेजारी डबीतला रुपया. हळदकुंकू पुडीला वाहायचं, आजी वाहायची तसंच. दिवे लागले की मुलीला डबी हातात देईन आणि समईच्या उजेडात ती हळूच कलती करायला सांगेन.